पहिला ॲम्प्लिफायर बांधण्याआधी: गोव्यातल्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी स्वतःच्या हातांनी ॲम्प्लिफायर, हेडफोन ॲम्प किंवा माइकचा प्रीॲम्प बांधू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. सर्किटं इथे सापडणार नाहीत; ती प्रत्येक आयसीच्या (एकाच काळ्या तुकड्यात बसवलेल्या सर्किटच्या) डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, छापलेली असतात. सोल्डरिंग आयर्न तापण्याआधी काय ठरवायचं, काय आणायचं आणि कशाच्या वाटेला जायचं नाही, ते इथे आहे. वीजपुरवठा, डबा आणि जोडण्या यांचा विचार सगळ्यात शेवटी केला की नवशिक्याचा सेट अर्धवट राहतो. म्हणून या पानावर तेच आधी येतं.

पहिल्यांदा काय बांधावं?

सेट कुठे वाजणार आहे, ते आधी सांगा. फातोर्ड्याच्या फ्लॅटमध्ये मोबाइलवरची गाणी ऐकायची आहेत? साखळीच्या घरी चवथीच्या आरत्यांना घुमट-शामेळाच्या गजरात हार्मोनियम बुडून जाते, ती वर काढायची आहे? की रात्री कुणाची झोप न मोडता हेडफोनवर केसरबाई केरकर ऐकायच्या आहेत? तिन्ही कामांची यंत्रं वेगळी. पहिल्याला दहा-पंधरा वॅटचा स्टिरिओ ॲम्प पुरतो. दुसऱ्याला माइकचा प्रीॲम्प, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा सेट, आणि त्याच्या पुढे ॲम्प असं दोन्ही लागतं. तिसऱ्याला नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा, एका ऑप-ॲम्पचा (बारीक सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या आयसीचा) छोटा सेट बास होतो.

काहीच ठरत नसेल तर या क्रमाने जा. आधी एलएम ३८६ आयसीचा बॅटरीवरचा ॲम्प. आठ पायांची ही आयसी जेमतेम अर्धा वॅट देते आणि थोडी सुसूही करते, पण जळली तरी जिवाला लागत नाही. पिन १ आणि ८ मोकळ्या ठेवल्या तर ती सिग्नल २० पट वाढवते, त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला तर २०० पट. एक भाग बदलल्याने आवाज कसा बदलतो, ते पहिल्याच दिवशी कानाने कळतं. दुसरा टप्पा म्हणजे ॲडॅप्टरवर चालणारा क्लास डी बोर्ड, म्हणजे कमी तापणाऱ्या पद्धतीचा तयार ॲम्प. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) असा सगळा संसार असलेला, टीडीए २०३० सारख्या आयसीचा सेट तिसरा.

थेट तिसऱ्या टप्प्याला हात घालणारे बरेच असतात. त्यांना अडवता येत नाही, पण त्यांनी निदान खालचं २३० व्होल्टबद्दलचं उत्तर दोनदा वाचावं.

किती वॅट लागतात? १०० वॅटचा बांधला तर काय बिघडलं?

बाजारातल्या खोक्यांवर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असले आकडे असतात. त्यांना काही अर्थ नसतो. साधा हिशेब करा. घरगुती स्पीकर एक वॅटला एक मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो आणि हा आवाज घरच्या खोलीत मोठाच वाटतो. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला वॅट सुमारे दहापट करावे लागतात. म्हणजे १० वॅटचा सेट २० वॅटचा केला तर फरक जेमतेम कळेल, पण ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि खर्च मात्र वाढलेला असेल.

आवाज कमी पडत असेल तर आधी स्पीकर बदलून बघा. ८६ डेसिबलच्या जागी ९२ डेसिबलचा स्पीकर लावणं म्हणजे वॅट चौपट केल्यासारखंच. चौकातल्या शिगम्याच्या रोमटामेळाला आवाज पुरवायचा असेल तर ते घरगुती सेटचं कामच नाही. त्याला साउंडवाला बोलवा.

तयार बोर्ड आणून जोडला तर त्याला ‘स्वतः बांधला’ म्हणायचं का?

म्हणायचं. तयार बोर्डालाही वीजपुरवठा, डबा, व्हॉल्यूम कंट्रोल, सॉकेट आणि वायरिंग लागतंच, आणि नवशिक्याची खरी परीक्षा तिथेच असते. पाच व्होल्टवर चालणारा पीएएम ८४०३ बोर्ड किंवा २४ व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यावर चालणारा टीपीए ३११६ बोर्ड सुरुवातीला चांगला.

या दोन्ही बोर्डांचं आउटपुट ‘ब्रिज’ पद्धतीचं असतं (हा डायोडचा ब्रिज नव्हे). स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, एकही ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची समाईक वायर, नसते. डाव्या-उजव्या स्पीकरच्या ‘मायनस’ वायरी एकत्र जोडल्या किंवा डब्याला लावल्या तर बोर्ड संपला. जुन्या सेटमध्ये दोन्ही स्पीकरना मिळून तीनच वायरी असायच्या, त्या सवयीने ही चूक होते. एका स्पीकरला दोन, दोन स्पीकरना चार वायरी, सुट्या.

काम सुरू करण्याआधी कागदावर काय काय उतरवायचं?

वही घ्या. मोबाइलवर टिपणं ठेवलीत तर सोल्डर लागलेल्या बोटांनी स्क्रीन उघडत बसावं लागतं. पहिल्या पानावर एक ओळ: सिग्नल कुठून येणार आणि आवाज कुठून निघणार. मोबाइलचं हेडफोन आउटपुट सहसा एक व्होल्टच्या आतबाहेर असतं, सीडी प्लेअरचं दोन व्होल्ट, तर गाण्याच्या साध्या डायनॅमिक माइकचं काही मिलिव्होल्ट. माइक सरळ पॉवर ॲम्पला लावला तर काहीच ऐकू येत नाही, आणि लोक आयसीला दोष देतात.

दुसऱ्या पानावर सर्किट स्वतःच्या हाताने काढा. छापील आकृती समोर असली तरी काढा. काढताना प्रत्येक कंडेन्सरची दिशा आणि प्रत्येक पिनचा क्रमांक लिहावा लागतो, त्यामुळे न समजलेली जागा आपोआप उघडी पडते. आयसीच्या पिना वरून मोजल्या आहेत की खालून, तेही तिथेच लिहून ठेवा, कारण बोर्ड उलटला की डावं-उजवं बदलतं.

तिसऱ्या पानावर सामानाची यादी. प्रत्येक भागापुढे मूल्य, व्होल्टेज, वॅट आणि नग. ‘कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ डिग्री, २ नग’ असं लिहिलेलं असलं की दुकानदाराशी वाद होत नाही. रेझिस्टर पाव वॅटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. ते स्वस्त असतात, म्हणून प्रत्येक मूल्याचे दहा घ्यायला हरकत नाही. आयसी नेहमी एक जास्त.

चौथ्या पानावर डब्याचा नकाशा, खऱ्या मापात. ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात, सिग्नलचं इनपुट त्याच्यापासून शक्य तेवढं लांब, हीटसिंक हवा लागेल अशा बाजूला. हे पान बहुतेक जण गाळतात आणि मग व्हॉल्यूम कंट्रोलचा दांडा ट्रान्सफॉर्मरला अडतो.

ॲडॅप्टर घेऊ की ट्रान्सफॉर्मर?

पहिल्या दोन सेटना ॲडॅप्टर. घरात लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर पडून असेल तर टीपीए ३११६ बोर्डावर आठ ओहमच्या स्पीकरला त्यातून चॅनेलमागे २० वॅटच्या आसपास मिळतात. २३० व्होल्टचं सगळं काम कंपनीने बंद डब्यात करून दिलेलं असतं. आपल्याकडे येतं ते हात लावला तरी चालेल असं व्होल्टेज.

ट्रान्सफॉर्मरवर जाताना मात्र आकडेमोड हवी. दुकानात सहज मिळतो तो १२-०-१२, म्हणजे मधल्या वायरीपासून दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा, दोन ॲम्पिअरचा. लोकांना वाटतं यातून अधिक-उणे १२ व्होल्ट मिळतील. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ हे एसीचे असतात. ब्रिज आणि कंडेन्सरनंतर त्याची १.४१ पट होते, म्हणजे १७ च्या जवळपास. डायोडमध्ये साधारण एक व्होल्ट जातो, उरतात अधिक-उणे १६. हे भार असताना. सेट गप्प असताना ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा टक्के जास्त देतो, आणि रात्री उशिरा लाइनचं व्होल्टेजही वर गेलेलं असतं. मग तेच अधिक-उणे १८ च्या पुढे जातं. साध्या टीडीए २०३० ची कमाल मर्यादा नेमकी अधिक-उणे १८ आहे. म्हणून १२-०-१२ वर टीडीए २०३०ए घ्या, तो अधिक-उणे २२ पर्यंत तग धरतो. साधाच २०३० वापरायचा असेल तर ९-०-९ ट्रान्सफॉर्मर घ्या. ‘काल चांगला वाजत होता, आज आपोआप गेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच गोष्ट असते.

फिल्टरच्या कंडेन्सरचं व्होल्टेजही याच आकड्यावरून ठरतं. अधिक-उणे १८ ला २५ व्होल्टचा चालून जाईल, ३५ चा असला तर चांगलं. ४७०० मायक्रोफॅरडला एक ॲम्पिअरच्या भारावर साधारण दोन व्होल्टची लहर राहते, घरगुती सेटला ती चालते.

२३० व्होल्टच्या बाजूला काय काळजी घ्यायची?

इथे घाई नको. तीन पिनांचा प्लग, फेजच्या वायरीवर फ्यूज, मग स्विच, मग ट्रान्सफॉर्मर. ५० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्टवर पाव ॲम्पिअरही लागत नाही, पण चालू होतानाचा झटका मोठा असतो. ५०० मिलिॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज बरोबर बसतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी वायरीचा तुकडा घालणाऱ्याने हा छंद सोडून द्यावा. उघड्या जोडांवर हीटश्रिंक नळी चढवा, चिकटपट्टीवर भिस्त नको. आपल्या दमट हवेत ती सुटते. धातूचा डबा असेल तर अर्थिंगची वायर लग लावून स्क्रूने डब्याला कसा, आणि त्या जागेचा रंग खरवडून काढा.

मग घराचं वायरिंग. जुन्या चिऱ्याच्या घरांत अजून दोन पिनांची सॉकेट दिसतात, आणि जिथे तीन पिनांची आहेत तिथेही तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. मल्टिमीटरवर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही साधारण सारखे यावेत आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत असावं. यातून वायर जोडलेली आहे एवढंच कळतं, अर्थिंग चांगलं आहे असं नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. डोंगराळ, चिऱ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये माती सुकली की अर्थिंगचा खड्डा कमजोर होतो. त्यात पाणी ओतत राहावं लागतं. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ॲम्प्लिफायरच्या आधी तो बसवा.

उघड्या सेटवर एकट्याने काम करू नका. प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेले असतात. १०० ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींना जोडून ठेवा आणि त्यातून ते रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करायची जुनी पद्धत विसरा.

‘सिरीज बल्ब’ म्हणजे काय? तो खरंच लागतो का?

लागतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी तो बनवा. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब फेजच्या वायरीत सॉकेटच्या मालिकेत येतो. नवा सेट त्या सॉकेटला लावून चालू केला की सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर लखकन पेटतो आणि मंद होतो. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण तो प्रवाह बल्ब अडवून धरतो आणि तुमची आयसी, ट्रान्सफॉर्मर वाचतात. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा. आता असे बल्ब कमी दुकानांत ठेवतात, मिळाले तर दोन-तीन घेऊन ठेवा. पंखे, मिक्सर दुरुस्त करणाऱ्या जवळपास प्रत्येक दुकानात ही फळी भिंतीला टांगलेली दिसेल; एकदा बघून या, आकृतीपेक्षा लवकर समजेल.

हत्यारं कोणती घ्यावीत?

२५ वॅटचं साधं आयर्न टोकदार बिटासह, किंवा परवडलं तर तापमान बदलता येणारं. ते ३२० ते ३५० डिग्रीवर ठेवा. सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७, पोटात फ्लक्स असलेली. ६३/३७ ची वायर १८३ डिग्रीला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, म्हणून नवशिक्याचे जोड त्यात चांगले येतात. नळदुरुस्तीची आम्ल असलेली पेस्ट इलेक्ट्रॉनिक्सला कधीही लावू नका, काही महिन्यांत तांबं खाऊन टाकते. शिवाय सोल्डर ओढायचा पंप, साइड कटर, चिमटा, बारीक पॉलिश पेपर.

मल्टिमीटरवर मात्र कंजुषी नको. लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्टेज मोजायला गेलं की सरळ शॉर्ट होतो. प्रत्येक वेळी मोजण्याआधी भोक बघायची सवय लावा. ऑसिलोस्कोप सुरुवातीला नको.

सामान गोव्यात मिळतं का, की मुंबईलाच जावं लागतं?

पणजी, म्हापसा, मडगाव आणि फोंड्यात टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, नेहमीचे कंडेन्सर, ४५५८ सारखे ऑप-ॲम्प, सोल्डर, सॉकेट, नॉब हे सहसा मिळून जातं. मुंबईला कुणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला जाणार असेल तर तपकीर गल्ली. यादी लिहून द्या, तोंडी सांगू नका. जाणाऱ्याला ‘लॉग ५० के’ आणि ‘लिनिअर ५० के’ या फिरवायच्या कंट्रोलमधला फरक माहीत नसतो. व्हॉल्यूमला लॉग लागतो. त्यावर सहसा ‘ए ५० के’ असं छापलेलं असतं, लिनिअरवर ‘बी’. लिनिअर लावला तर नॉब थोडा फिरवताच आवाज अंगावर येतो आणि पुढे फिरवून फरक पडत नाही.

ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक जड असतात, ऑनलाइन मागवले तर टपालखर्च बोकांडी बसतो. ते गावातच घ्या. आयसी आणि रेझिस्टर ऑनलाइन मागवा.

नकली आयसी ओळखायची कशी?

पॉवर ट्रान्झिस्टर आणि नावाजलेल्या ऑडिओ आयसींची नक्कल सर्रास होते. २एन ३०५५ आणि एलएम ३८८६ तर नेहमीच्या यादीतले. नेहमीच्या भावाच्या तिसऱ्या हिश्शात कुणी देत असेल तर तिथेच थांबा. छपाई बोटाने पुसली गेली, अक्षरं वाकडी, पायांवर जुन्या सोल्डरचे डाग, वजन हलकं, या खुणा. तरी फसायला होतं, कारण छपाई चांगली करणारेही आहेत. उपाय एकच: नवीन आयसी आधी कमी व्होल्टेजवर आणि सिरीज बल्बवर चालवून बघा. टीएल ०७२ आणि एनई ५५३२ स्वस्त आहेत. ते सोडून ‘खास ऑडिओ’ म्हणून विकले जाणारे महागडे ऑप-ॲम्प नवशिक्याने घेऊच नयेत. कानाला फरक कळायच्या आधी खिशाला कळतो.

ब्रेडबोर्डवर करू की सरळ बोर्डावर सोल्डर करू?

एलएम ३८६ आणि प्रीॲम्प ब्रेडबोर्डवर खुशाल करा. पॉवर ॲम्प नको. लांब जम्पर आणि सैल पकड यांमुळे आयसी स्वतःच कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर डोलू लागते, तापते आणि जाते. टीडीए २०३० च्या डेटाशीटमध्ये आउटपुटला एक ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दाखवलेला आहे, तो याचसाठी. ‘हे काढलं तरी वाजतं’ म्हणून तो गाळू नका. आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सरही हवेत.

याच आयसीची पाठ, म्हणजे धातूचा भाग, आतून उणे पुरवठ्याला जोडलेला असतो. हीटसिंकवर बसवताना मध्ये मायकाचा (वीज अडवणारा) पातळ तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर लागतो. बसवल्यावर मल्टिमीटरने पाठ आणि हीटसिंक यांत जोड नाही ना ते बघा, मगच पुढे.

पावसाळ्यात काम करावं का?

करावं, पण तयारीने. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की सुट्या भागांचे पाय काळवंडतात आणि सोल्डर त्यांना चिकटत नाही. भाग झिप पिशव्यांत सिलिका जेलसह ठेवा, सोल्डर करण्याआधी पायांवरून पॉलिश पेपर फिरवा. जुनं ब्रेडबोर्ड पावसाळ्यानंतर विश्वासाचं राहत नाही. व्हॉल्यूम कंट्रोल खरखरू लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, खोबरेल नव्हे. मिरामार, कळंगुट अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने उघडं तांबं हिरवं पडतं. तिथे तयार बोर्डावर पीसीबीचं लॅकर फवारणं फायद्याचं, फक्त सगळं तपासून झाल्यावर.

मेच्या अखेरीला आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात. ढग गडगडायला लागले की प्लग काढा. स्विच बंद करणं पुरत नाही.

डबा कशाचा करावा?

डबा आधी ठरवा आणि बोर्ड त्याच्या मापाने कापा. नवशिके उलटं करतात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा बॅटरीवरच्या सेटला झकास: आवाजात बाहेरचा गोंगाट शिरत नाही आणि भोकं सहज पडतात. २३० व्होल्टच्या सेटला जाड पत्रा किंवा ॲल्युमिनिअम, अर्थिंगसह. स्पीकरचं खोकं एमडीएफचं करू नका, आपल्या पावसाळ्यात कडा फुगतात. मरीन प्लाय घ्या. जुनं सागवान मिळालं तर सुतार खूश, तुम्हीही खूश.

सगळी भोकं आधी पाडा, कानशीने घासा, डबा झटकून पुसा आणि मग बोर्ड बसवा. धातूचा एक कीस आयसीच्या दोन पायांमध्ये अडकला की झालं. हवेच्या भोकांना आतून बारीक जाळी लावा. गोव्यातल्या घरात उबदार डब्यात पाल आणि मुंग्या शिरणारच, आणि २३० व्होल्टच्या जोडावर पाल चढली तर दोघांचंही नुकसान.

सेट वाजतो, पण मागे घूंऽऽ असा आवाज येतो. का?

आधी तो कोणता घूं आहे ते ओळखा. जाडसर, खालच्या पट्टीतला असेल तर ५० हर्ट्झ: तो बाहेरून शिरतोय किंवा ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन तिचं वेटोळं झालंय. थोडा चढा, करकरीत असेल तर १०० हर्ट्झ: ब्रिजनंतरचं फिल्टर कमी पडतंय किंवा भरणाऱ्या कंडेन्सरचा प्रवाह सिग्नलच्या ग्राउंडमधून वाहतोय.

मग इनपुटच्या दोन्ही टोकांना शॉर्ट करून ऐका. आवाज गेला तर दोष बाहेर, राहिला तर आत. आत असेल तर ग्राउंडच्या वायरी तपासा: इनपुटची, स्पीकरची आणि पुरवठ्याची अशा सगळ्या ग्राउंड एका बिंदूवर, म्हणजे दोन फिल्टर कंडेन्सरच्या मधल्या जोडाजवळ, एकत्र याव्यात. एकीला दुसरीची शेपटी बांधत गेलात की घूं येणारच. बाहेर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा तोच असतो. इनपुटला शील्डची (बाहेरून तारांची जाळी असलेली) वायर वापरा आणि ती ट्रान्सफॉर्मरपासून लांबून न्या. पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर खरखर बदलत असेल तर दोष तुमच्या सेटचा नाही, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून बघा.

घूं घालवायला अर्थिंगची पिन मोडणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका.

पहिल्यांदा चालू करताना काय क्रम ठेवायचा?

आयसी न लावता आधी फक्त पुरवठा सिरीज बल्बवर चालू करा आणि दोन्ही बाजूंची व्होल्टेज मोजून वहीत लिहा. बंद करा, कंडेन्सर रिकामे करा, आयसी जोडा. स्पीकर न लावता पुन्हा चालू करा आणि आउटपुट ते ग्राउंड डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. १०० च्या पुढे असेल तर शोध घ्या. काही व्होल्ट दिसले तर लगेच बंद, कारण तेवढ्याने स्पीकरची कॉइल जळते. मग भंगारातला, गेला तरी चालेल असा स्पीकर. हीटसिंकवर हात ठेवून पाच मिनिटं थांबा. आवाज नसतानाच तो चटका देत असेल तर आयसी डोलते आहे. चांगले स्पीकर शेवटी.

चवथीपर्यंत सेट तयार हवा. कधी सुरुवात करू?

सामान मे महिन्यात आणून ठेवा. पाऊस सुरू झाला की कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर जाते आणि पार्सलांचाही भरवसा नसतो. सेट चवथीच्या दोन आठवडे आधी वाजता हवा, म्हणजे रोज संध्याकाळी तास-दोन तास लावून त्याची खोड कळेल. हार्मोनियमचा माइक स्पीकरच्या समोर येत असेल तर शिट्टी वाजते. आरत्यांना उभं राहणाऱ्या सगळ्यांना बोलावून एकदा तालीम करा. घुमटाला माइक लागत नाही. लावलात तर हार्मोनियम पुन्हा बुडेल.

खर्च किती येतो?

भाव सांगत नाही, ते महिन्यागणिक बदलतात. पण वाटणी सांगता येते. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये निम्म्याहून अधिक पैसे ट्रान्सफॉर्मर, डबा, हीटसिंक, सॉकेट आणि नॉबांत जातात; आयसी आणि रेझिस्टर हा किरकोळ भाग. ज्यांनी फक्त आयसीची किंमत बघून अंदाज बांधला, त्यांचा सेट पुठ्ठ्याच्या खोक्यात राहतो.

मुलगी आठवीत आहे. तिला सोल्डरिंग करू द्यावं का?

बॅटरीवरच्या सेटपुरतं जरूर. मोठं माणूस शेजारी, डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी, केस बांधलेले. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं नाही, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही. २३० व्होल्टच्या बाजूला इतक्यात नको.

जत्रेच्या नाटकाला आपला सेट लावता येईल?

देवळाच्या मंडपात छोट्या तालमीला लावा. प्रयोगाला नको, नट रंगात आलेला असताना घरगुती सेट तापून बंद पडला तर गाव वर्षभर विसरत नाही. शिवाय ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आपल्याकडची नाटकं मध्यरात्रीच्या पुढे चालतात, तेव्हा परवानगीचं कमिटीशी आधी बोलून घ्या.

आजोबांचा वाल्वचा रेडिओ माळ्यावर आहे. त्याचा ॲम्प करता येईल का?

येईल, पण पहिला सेट म्हणून नाही, दुसरा म्हणूनही नाही. वाल्वच्या सेटमध्ये २५० ते ३०० व्होल्ट डीसी फिरत असतं, काहींत त्याहून जास्त, आणि काही जुन्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसतो. पत्र्याची चासी थेट लाइनला जोडलेली असते. वर्षानुवर्षं बंद पडलेला रेडिओ ‘बघूया चालतो का’ म्हणून प्लगला लावला तर सुकलेले कंडेन्सर फुटतात. तो माळ्यावरून खाली आणा, धूळ कोरड्या ब्रशने काढा, मागचा पुठ्ठा जागेवरच राहू द्या, वायर गुंडाळून ठेवा आणि जुने वाल्व सेट दुरुस्त केलेला एखादा कारागीर सापडेपर्यंत त्याला प्लग लावू नका.